आयर्लंडच्या खेड्यांत फुटबॉल आणि गर्भपाताचा कायदा: लोकांचं मत जाणून घ्यायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गॉलवेत शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीला प्रबंधासाठी आयर्लंडच्या पश्चिम भागातल्या खेड्यांत मुलाखती घ्यायच्या आहेत. विषय दोन: गावचा फुटबॉल आणि गर्भपाताचा कायदा. चर्चला धरून असलेल्या या गावांनी २०१८ साली कायदा बदलायला होकार कसा दिला, हे लोकांना विचारायचं कसं, आणि बोलण्याची सुरुवात फुटबॉलपासून केली तर चालेल का, असं ती विचारते.

चालेल. पण फुटबॉलवर लोक जसं बोलतात तसंच गर्भपातावर बोलतील, अशी अपेक्षा ठेवलीत तर अख्खा अभ्यास वाकडा जाईल. फुटबॉलबद्दलचं मत तिथे चारचौघांत, मोठ्याने, नावानिशी मांडलं जातं. गर्भपाताबद्दलचं मत बहुतेकांनी वर्षानुवर्षं स्वतःपाशी ठेवलं आणि थेट मतपेटीत टाकलं. २०१८ च्या निकालाआधी ज्यांनी फक्त मोठ्याने बोलणाऱ्यांचं ऐकलं, त्यांना गावांचा अंदाजच आला नाही.

आधी फुटबॉलचं बघू. खेड्यात फुटबॉल म्हणजे गेलिक फुटबॉल: एका बाजूला १५ खेळाडू, इंग्रजी एच अक्षरासारखे गोलखांब, आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर ३ गुण, वरून गेला तर १. खेळ चालवणारी संघटना जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन), स्थापना १ नोव्हेंबर १८८४, टिपेररी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात. खेळाडूंना मानधन नाही. तुमच्या कामासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लबची हद्द. क्लब साधारणपणे पॅरिशचा असतो, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गाववाड्यांचा. त्याच हद्दीत प्राथमिक शाळा असते, तिथेच मतदान केंद्र लागतं, आणि दफनभूमीही तिथलीच. म्हणून फुटबॉलपासून सुरुवात केली की गावाची रचना आपोआप हाती येते. कोण कुणाच्या घरातलं, कुणाची मुलं डब्लिनला गेली, कुणाची सिडनीला, कुठल्या क्लबला १५ पोरं जमेनात म्हणून शेजारच्या क्लबशी एकत्र संघ करावा लागला, हे सगळं पहिल्या २० मिनिटांत कळतं.

बोलतं करायला २०२५ पासूनचे नवे नियम उत्तम. डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या समितीने ते आणले: ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या गुणाचे २ गुण, प्रत्येक संघाने ३ खेळाडू कायम प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात ठेवायचे, फ्री मिळाली की थांबून न राहता स्वतःच चेंडू घेऊन पुढे पळायची मुभा. सगळा संघ मागे गोळा होऊन बचाव करत बसायचा, तो कंटाळवाणा प्रकार मोडायला हे केलं गेलं. यावर मत नसलेला माणूस खेड्यात सापडणं कठीण. मेयो काउंटीत असाल तर १९५१ विसरू नका. त्यानंतर देशाच्या अजिंक्यपदाचा सॅम मॅग्वायर चषक मेयोत आलेला नाही, आणि अंतिम सामना हरण्याची वेळ मात्र पुन्हा पुन्हा आली. हा विषय चेष्टेने काढू नये. लोकांना तो खरोखर लागतो.

फुटबॉलमधला आणखी एक धागा पुढे उपयोगी पडतो: डब्लिनविषयीची चीड. डब्लिनने २०१५ ते २०२० अशी ओळीने सहा वर्षं अजिंक्यपदं जिंकली. लोकसंख्या त्यांच्याकडे, पैसा त्यांच्याकडे, जीएएचं मुख्य मैदान क्रोक पार्क त्यांच्या दारात, आणि वर आमची पोरंही नोकरीसाठी तिकडेच, ही तक्रार तुम्हाला शॅनन नदीच्या पश्चिमेला घरोघरी ऐकू येईल. त्यावरून असं वाटू शकतं, की गर्भपातावरही ‘डब्लिन एका बाजूला आणि गावं दुसऱ्या बाजूला’ अशीच फाळणी असणार. २०१८ पर्यंत पुष्कळ पत्रकार आणि पुढारी तसंच धरून चालले होते. आकडे मात्र वेगळं सांगतात.

७ सप्टेंबर १९८३ ला आठवी घटनादुरुस्ती मंजूर झाली. गर्भाच्या जगण्याचा हक्क आईच्या जगण्याच्या हक्काइतकाच मानणारं कलम घटनेत घातलं गेलं. बाजूने ६६.९ टक्के, मतदान जेमतेम ५४ टक्के. २५ मे २०१८ ला तेच कलम काढून टाकायला ६६.४ टक्के लोकांनी होकार दिला, मतदान ६४ टक्के. ४० पैकी ३९ मतदारसंघ होकाराचे. रॉसकॉमन-गॉलवेत सुमारे ५७ टक्के, मेयोत ५७, केरीत ५८, कॅव्हन-मोनाहनमध्ये ५५. नकार एकट्या डोनेगलचा, तोही ५२ टक्क्यांच्या आत. यातलं रॉसकॉमन लक्षात ठेवा, कारण तीनच वर्षांपूर्वी, मे २०१५ मध्ये, समलिंगी विवाहाच्या सार्वमतात देशात नकार देणारा एकमेव मतदारसंघ रॉसकॉमन-साउथ लिट्रिम हाच होता. केरीचंही तसंच. तिथले आमदार हीली-रे बंधू कलम काढण्याच्या ठाम विरोधात होते, आणि लोक त्यांना निवडणुकीत भरभरून मतं देतात. तरी मतदारसंघाने होकार दिला. रस्ता, दवाखाना, पेन्शन यासाठी आमदार निवडायचा आणि या प्रश्नावर स्वतःचं मत द्यायचं, यात तिथल्या मतदाराला काहीच विसंगत वाटत नाही.

या आकड्यांत एक खड्डा आहे, नवखे हमखास त्यात पडतात. १९८३ चा ‘हो’ म्हणजे बंदी घटनेत घाला. २०१८ चा ‘हो’ म्हणजे बंदी काढा. मुलाखतीत कुणी म्हणालं ‘मी दोन्ही वेळा हो म्हटलं’, तर तो माणूस पूर्ण बदललेला आहे. मधली सार्वमतं तर आणखी गुंतागुंतीची. १९९२ मध्ये एकाच दिवशी तीन प्रश्न होते. परदेशी जाण्याचं आणि माहिती मिळवण्याचं स्वातंत्र्य मंजूर झालं, तिसरा प्रस्ताव पडला. २००२ चा प्रस्ताव अगदी थोडक्यात फेटाळला गेला, आणि त्या नकारात कायदा सैल हवा म्हणणारेही होते आणि प्रस्ताव पुरेसा कडक नाही म्हणणारेही. म्हणून ‘२००२ मध्ये तुम्ही काय केलं’ या प्रश्नाच्या उत्तरातून काहीही निष्कर्ष काढू नका.

मग गावं बदलली कशी? माझं ठाम मत असं, की ती वादविवादाने बदलली नाहीत, प्रकरणांनी बदलली. ३१ जानेवारी १९८४ ला, म्हणजे आठवी दुरुस्ती होऊन पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, लाँगफर्ड काउंटीतल्या ग्रॅनार्डमध्ये १५ वर्षांची अ‍ॅन लव्हेट मेरीमातेच्या ग्रोटोपाशी (गुहेसारख्या प्रार्थनास्थळापाशी) एकटी बाळंत झाली आणि मूल व ती दोघंही दगावली. त्यानंतर रेडिओवर गे बर्न यांच्या कार्यक्रमात बायकांची पत्रं वाचून दाखवली गेली. लपवलेली बाळंतपणं, गावोगावच्या हकिकती. पुढे १९९२ मध्ये ‘एक्स’ प्रकरण आलं. बलात्कारातून गरोदर राहिलेल्या १४ वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाऊ द्यायचं की नाही, हे कोर्टाला ठरवावं लागलं. मग गॉलवे काउंटीतलं ट्यूम: तिथल्या मदर अँड बेबी होममध्ये, म्हणजे अविवाहित मातांना ठेवायच्या संस्थेत, मेलेल्या ७९६ मुलांची नोंद स्थानिक अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी एकेक दाखला काढून जमवली, आणि मार्च २०१७ मध्ये तिथे अर्भकांचे अवशेष असल्याचं सरकारी आयोगाने जाहीर केलं. ट्यूम हे गॉलवे फुटबॉलचं जुनं माहेरघर, ट्यूम स्टेडियम आणि सेंट जार्लथ्स शाळेचं गाव. एकाच गावात अभिमान आणि लाज दोन्ही एवढ्या जवळ असतात, हे बोलताना ध्यानात ठेवा.

आणि सविता हलप्पनवार. बेळगावात वाढलेली ही दंतवैद्य ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ आठवड्यांची गरोदर असताना गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तरी त्याचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने तिचा मृत्यू झाला. वय ३१. तुम्ही मराठी आहात, गॉलवेत आहात. तुम्ही न विचारताही लोक हा विषय तुमच्याशी काढतील. काही जण अवघडून, माफी मागितल्यासारखं बोलतील. ते ऐकून घ्या, पण ती मुलाखत वेगळी खूण करून ठेवा. तुमच्याकडे बघून माणूस जास्त सौम्य बोलला असण्याची शक्यता मोठी आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. दोन पॅरिश निवडा, तीन नको. एक शहरापासून अर्ध्या तासाच्या आत, दुसरा दीड तासाच्या पलीकडे. प्रत्येकी १२ ते १५ मुलाखती पुरतात, ४५ ते ६० मिनिटांच्या. त्यापेक्षा जास्त घेतल्या तर एका माणसाच्या हातात लेखी उतरवणं आणि छाननी राहत नाही. प्रत्येक गावात निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, आणि इथेच फुटबॉलची वाट दगा देते. क्लबच्या अध्यक्षाकडून नावं घेतली तर तो बारा पुरुषांची नावं देईल. बायकांचा गेलिक फुटबॉल १९७४ पासून वेगळ्या संघटनेकडे आहे. जीएए आणि महिलांच्या दोन संघटना (फुटबॉलची आणि हॉकीसारख्या कॅमोगी खेळाची) एकत्र आणायचं उद्दिष्ट २०२७ चं. म्हणजे गावातल्या महिला फुटबॉलची समिती, सचिव, खेळाडू यांना स्वतंत्रपणे गाठावं लागेल. शिवाय क्लबशी काही देणंघेणं नसलेले निदान तीन-चार जण शोधा. असे लोक प्रत्येक गावात असतात, आणि गावाबद्दल तेच सगळ्यात मोकळं बोलतात.

ओळख पाद्रीमार्फत किंवा क्लबमार्फत करून घेऊ नका. तसं केलंत तर पहिल्याच दिवशी तुमच्यावर शिक्का बसतो. गावचं ग्रंथालय, सहकारी दूध संघ, शाळेची पालक समिती हे चांगले दरवाजे आहेत. क्लबहाउसात मुलाखत घेणं तर टाळाच. जीएए पक्षीय राजकारणापासून अलिप्त राहते आणि २०१८ मध्ये तिने कुठलीच बाजू घेतली नव्हती. खेळाडू आणि प्रशिक्षक मात्र व्यक्तिशः दोन्ही बाजूंनी उभे राहिले आणि त्यावरून काही ठिकाणी कटुता आली. त्या भिंतींच्या आत माणूस या विषयावर तोंड उघडत नाही.

वेळेचंही गणित आहे. मेच्या मध्यापासून जूनपर्यंत सायलेजची (मुरघासाच्या चाऱ्याची) पहिली कापणी, तेव्हा शेतकरी भेटणार नाही. दूधवाल्या घरी सकाळी सात आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला जाऊ नका. सराव सहसा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. काउंटी संघांचा हंगाम आता जुलैअखेर संपतो आणि ऑगस्टपासून क्लबांच्या स्पर्धा सुरू होतात, त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर रविवार दुपार सोडून द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम: रात्र मोठी, चूल पेटलेली, माणूस घरी. मार्च मेंढ्या विण्याचा.

प्रश्न कसे विचारावेत? ‘तुम्ही कसं मत दिलंत’ हे विचारूच नका. मतदान गुप्त आहे, आणि खेड्यात ते फार मनापासून गुप्त ठेवलं जातं. त्याऐवजी विचारा: प्रचाराला लोक दारात आले तेव्हा काय बोलणं झालं? खांबांवर फलक लागले तेव्हा गावात काय चर्चा होती? घरात या विषयावर कोण कुणाशी बोलायचं, आणि कोण कुणाशी नाही? शेवटच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं सगळ्यात मोलाची. आई आणि मुलगी बोलल्या पण बाप आणि मुलगा बोलले नाहीत, असं चित्र पुन्हा पुन्हा दिसतं.

मग चार काल्पनिक प्रसंग समोर ठेवा. २०१८ चा कायदा, जो १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला, त्याच्याच रचनेनुसार ते बांधा. पहिला: गर्भ जन्माआधी किंवा जन्मानंतर २८ दिवसांत दगावणार असं दोन डॉक्टर सांगतात. दुसरा: आईच्या जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका आहे. तिसरा: ८ आठवडे झालेत, कारण सांगायची तिची इच्छा नाही, कायद्याने १२ आठवड्यांपर्यंत परवानगी, पण डॉक्टरने प्रमाणपत्र दिल्यावर ३ दिवस थांबावं लागतं. चौथा: १३ आठवडे, बाकी सगळं तिसऱ्यासारखंच, म्हणजे कायद्याच्या बाहेर. पहिल्या दोन प्रसंगांत चर्चला नेमाने जाणारी माणसंही बहुधा ‘तिला मदत मिळायला हवी’ म्हणतात. तिसऱ्यावर आवाज बदलतो, वाक्यं तुटतात. खेड्यातला होकार समजून घ्यायचा तर तो इथे, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगाच्या मधे, बारकाईने ऐकावा लागतो. ५७ टक्क्यांत मनापासून पाठिंबा देणारेही आहेत आणि ‘मला पटत नाही, पण तिच्या जागी मी नाही’ म्हणणारेही. दोघांना एका रकान्यात टाकणं म्हणजे माहिती फेकून देणं.

बोलण्याची ढब समजून घेतली नाही तर छाननी चुकते. पश्चिमेकडचा माणूस नाजूक विषयावर स्वतःचं मत दुसऱ्याच्या तोंडी घालतो. ‘इथे काही लोक असतील, त्यांना ते आवडलं नसेल’ असं तो म्हणाला, तर ते त्याचं स्वतःचं मत असेल, शेजाऱ्याचं असेल, किंवा तुम्हाला राग येऊ नये म्हणून केलेली पेरणी असेल. लगेच ‘विरोध’ अशी नोंद करू नका. थोडं थांबून ‘ते लोक असं का म्हणत असतील?’ एवढंच विचारा. पुढच्या दोन-तीन वाक्यांत माणूस एक तर त्या मताची बाजू मांडू लागतो, नाही तर स्वतःला त्यापासून सोडवून घेतो. फुटबॉलवर बोलताना हाच माणूस सरळ ‘तो रेफ्री आंधळा होता’ म्हणतो, हा फरक टिपून ठेवा. तुमच्या प्रबंधाचा गाभा तिथेच सापडेल.

गावाचा कौल आकड्यांत हवा असेल तर अधिकृत निकाल पुरत नाही, कारण तो फक्त मतदारसंघापर्यंत जातो. गावपातळीसाठी टॅली पाहायची. मतमोजणीच्या सकाळी पेट्या एकेक करून उघडतात, मतपत्रिका टेबलावर पसरल्या जातात, आणि कठड्यापलीकडे उभे असलेले कार्यकर्ते कागदावर रेघा मारत प्रत्येक पेटीचा हिशेब करतात. पेटी कुठल्या शाळेतून आली ते ठाऊक असतं, म्हणून गावाचा कौल कळतो. वेस्टर्न पीपल, रॉसकॉमन हेराल्ड, केरीमन अशा स्थानिक साप्ताहिकांचे त्या आठवड्याचे अंक काउंटी ग्रंथालयात चाळा. पण टॅली अधिकृत नसते, आणि सार्वमतात पक्षांना स्वतःच्या जागेची चिंता नसल्याने ती अनेकदा अपुरी राहते. निम्म्या पेट्यांचीच टॅली झाली असेल तर तसं लिहा.

पेटीत मत कुणाचं पडलं हाही प्रश्न आहे. २५ मे २०१८ शुक्रवार होता. डब्लिनला शिकणारी वा नोकरी करणारी पण नाव गावच्या यादीत असलेली मुलं-मुली शुक्रवारी घरी येतात, मत देतात आणि शनिवार-रविवारी गावच्या क्लबकडून खेळतात. परदेशातूनही लोक मतदानासाठी विमानाने आले. टपालाने मत देण्याची सोय त्यांना नव्हती. देश सोडून १८ महिने झाले नसतील आणि परतायचा इरादा असेल तरच नाव यादीत राहतं. उलट, गावात राहणाऱ्या पण आयरिश नागरिकत्व नसलेल्यांना, म्हणजे ग्रामीण रुग्णालयांतल्या कित्येक भारतीय परिचारिकांनाही, या सार्वमतात मत नव्हतं. कायदा मात्र त्यांनाही तितकाच लागू. या बायकांच्या दोन-तीन मुलाखती घ्याच, त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

डोनेगलचा वेगळा विचार करा. त्याला ‘मागासलेला’ म्हणून सोडून देणं हा आळस आहे. २०१२ च्या युरोपीय वित्तीय कराराच्या सार्वमतातही डोनेगलच्या दोन्ही मतदारसंघांनी नकार दिला होता. मार्च २०२४ मध्ये कुटुंब आणि शुश्रूषेबाबतच्या दोन घटनादुरुस्त्या देशभर पडल्या तेव्हाही नकार सगळ्यात मोठा तिथलाच. सरकारने मांडलेल्या प्रस्तावावरचा अविश्वास, राजधानीपासूनचं अंतर, बाहेर गेलेली तरुण पिढी, हे सगळं धर्माइतकंच बघावं लागतं. शिवाय डोनेगल फुटबॉल खेळतो अल्स्टर प्रांतात, टायरोन आणि डेरीसोबत, आणि या दोन काउंट्या उत्तर आयर्लंडच्या, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या. तिथल्यांना २०१८ मध्ये मत नव्हतं. त्यांच्याकडे गर्भपात गुन्ह्यातून वगळला गेला ऑक्टोबर २०१९ मध्ये, वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, कायद्याने. खेळाचा नकाशा आणि कायद्याचा नकाशा एकच धरलात तर सीमेलगतच्या मुलाखती निरुपयोगी होतील.

शेवटी, प्रश्नावली २०१८ वर अडकवू नका. आज खेड्यातला प्रश्न मताइतकाच सोयीचाही आहे. ९ आठवड्यांपर्यंत फॅमिली डॉक्टर गोळ्या देऊ शकतो, त्यापुढे १२ पर्यंत रुग्णालय. पण सेवा देणारे डॉक्टर मोजकेच, आणि एप्रिल २०२३ मध्ये बॅरिस्टर मारी ओ’शे यांनी केलेल्या आढाव्यात त्या वेळी १९ प्रसूती रुग्णालयांपैकी ११ च पूर्ण सेवा देत असल्याचं नोंदलं गेलं. नंतर ही संख्या वाढत गेली. ३ दिवसांची सक्ती म्हणजे गावातल्या बाईला दोनदा प्रवास, बसची वानवा, आणि डॉक्टर म्हणजे तोच जो तिच्या सासऱ्याचाही रक्तदाब तपासतो. म्हणून विचारा, ‘इथल्या एखाद्या मुलीला गरज पडली तर ती कुठे जाईल?’ उत्तरात शेजारच्या काउंटीचं नाव आलं तर का, तेही विचारा.

लिहिताना पॅरिशचं नाव देऊ नका, आणि ‘माजी कर्णधार, वय ५२, दूध व्यवसाय’ असं वर्णन तर मुळीच नको. गावात असा माणूस एकच असतो. फुटबॉलवरची वाक्यं आणि गर्भपातावरची वाक्यं वेगवेगळ्या टोपणनावांखाली द्या, कारण पहिलं वाक्य त्याने सगळ्यांसमोर शंभरदा म्हटलेलं असतं आणि त्यावरून दुसरं ओळखू येतं. ध्वनिफिती विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवा, स्वतःच्या फोनवर नको. लेखी उतारा प्रत्येकाला परत वाचायला द्या आणि काढून टाकायला दोन आठवड्यांची मुदत द्या. बहुतेक जण फुटबॉलचा भाग दुरुस्त करून पाठवतात आणि दुसऱ्या भागातलं एखादं वाक्य गाळतात. गाळलेलं वाक्य वापरू नका, त्याचा आशयही दुसऱ्या शब्दांत आणू नका.